ध्वनिसंग्रहातील फाइलसंख्येची तफावत

मोठ्या डिजिटल संगीतसंग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या पुष्कळदा जुळत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये एक आकडा दिसतो, गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा, आणि संग्राहकाच्या वहीत तिसराच लिहिलेला असतो. ही तफावत बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. मात्र तिची धास्ती घेऊन ‘जादा’ वाटणाऱ्या फाइली पुसायला घेतल्या की खरे नुकसान सुरू होते. म्हणून फरक मिटवण्यापूर्वी तो कशाचा आहे हे ठरवणे, हा या विषयातील पहिला नियम मानावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी परिसरातील एखाद्या घरगुती संग्रहाचे स्वरूप पाहिले तर तफावतीचे पहिले कारण लगेच ध्यानात येते. तेथे भोगावती नदीवर धरण बांधण्यास घेणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांच्याच दरबारी जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) गायक होते, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. त्यामुळे कोल्हापूर भागातील जाणकारांच्या कपाटात या घराण्याच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेट आणि मोबाइलवर टिपलेल्या धनगरी ओव्या एकत्र नांदू शकतात. या प्रत्येकाचे मोजमापाचे एकक वेगळे आहे. एका तबकडीच्या दोन बाजू असतात व प्रत्येक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असते, म्हणून वहीत ‘एक’ असलेली तबकडी संगणकावर दोन फाइली होते. उलट कॅसेटची एक बाजू सलग उतरवली तर सहा अभंगांची मिळून एकच फाइल होते. ओव्यांचेही तसेच: संशोधक गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे, पण ती संख्या ओव्यांची आहे, ध्वनिफाइलींची नव्हे. सलग फाइलीसोबत कधी ‘क्यू शीट’ही असते, म्हणजे एका लांब ध्वनिफाइलीत कोणते गाणे कोणत्या क्षणी सुरू होते हे सांगणारी छोटी मजकूर-फाइल. ती असली की डिस्कवर एक दिसणारी फाइल सॉफ्टवेअरमध्ये दहा गाणी म्हणून मोजली जाते.

दुसरे कारण संगीत नसलेल्या फाइलींचे. आठ गाण्यांच्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठाचे चित्र, प्लेलिस्ट आणि विंडोजने स्वतः तयार केलेली ‘थम्ब्स डॉट डीबी’ ही लपलेली फाइल असेल, तर एकूण संख्या अकरा भरते. तोच फोल्डर मॅकवरून एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर नेला तर मूळ फाइलींच्या जोडीला टिंब व अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली निर्माण होऊ शकतात. त्यांत संगीत नसते, पण नावाच्या शेवटी ‘एमपी३’ असल्याने त्या गाण्यांत धरल्या जातात.

तिसरे कारण देवनागरी नावांशी निगडित आहे आणि मराठी संग्राहकाने ते विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावे. ‘वारकऱ्यांचे भजन’ या नावातील ‘ऱ्यां’ पडद्यावर एकच दिसतो, पण संगणकात तो ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतापासून, ‘र’ आणि नुक्ता यांच्या जोडीपासून, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांपासून बनलेला असू शकतो. पहिल्या दोन रूपांना युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे समतुल्य रूपे एकाच साच्यात आणण्याची प्रक्रिया, एकरूप करते. तिसरे रूप मात्र वेगळेच राहते. परिणामी एकाच फोल्डरमध्ये सारख्याच नावाच्या दोन फाइली दिसतात, आणि तुलना करणारे साधन एक ‘गहाळ’ व दुसरी ‘नवी’ असल्याचे सांगते. याशिवाय लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक नेटवर्क डिस्कवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व अनुस्वार धरून, तीन बाइट घेत असल्याने ही मर्यादा ८५ चिन्हांतच संपते. गायक, राग, बंदिश, ताल, गाव व तारीख हे सर्व नावातच भरले असेल, तर विंडोजवर चालणारी फाइल तेथे उतरतच नाही.

चौथे कारण अर्धवट प्रतींचे. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या भागात प्रत उतरताना खंड पडला तर फाइलीचे नाव येते, आशय अपुरा राहतो. तसेच ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा घेते, आणि फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर एका फाइलीची मर्यादा ४ जीबी असल्याने दोन तासांपलीकडचे सलग ध्वनिमुद्रण त्यावर मावत नाही. रात्रभर चाललेले भजन तेथे अडकते ते यामुळेच.

यावरून एक गंभीर निष्कर्ष निघतो: संख्या जुळणे हाही प्रत पूर्ण असल्याचा पुरावा नाही. एक ध्वनिमुद्रण गहाळ आणि दुसऱ्याची दुबार प्रत, असे घडले तर बेरीज तंतोतंत जुळते. धरणातील पाणीसाठ्याची पातळी कालच्याइतकीच असली तरी आवक आणि विसर्ग यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी लागते, तसेच हे आहे.

पडताळणीचा क्रम म्हणून पुढीलप्रमाणे ठेवावा. हिशेब पूर्ण होईपर्यंत मूळ डिस्कवरील काहीही पुसू नये वा नाव बदलू नये. प्रत्येक फोल्डरमधील फाइली प्रकारानुसार वेगळ्या मोजाव्यात, म्हणजे चित्रे व लपलेल्या फाइली आपोआप बाजूला पडतात. त्यानंतर दोन्ही डिस्कवरील नाव, आकार आणि ‘चेकसम’, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेला ओळखक्रमांक, यांच्या याद्या करून त्यांची तुलना करावी. नाव वेगळे पण चेकसम एकच असेल तर आशय तोच आहे; नाव तेच पण चेकसम वेगळा असेल तर ती फाइल उघडून, कालावधी पाहून आणि शेवटचा भाग ऐकून खात्री करावी. येथे एक सावधगिरी हवी: एमपी३ फाइलीतील गायकाचे नाव दुरुस्त केले तरी संपूर्ण फाइलीचा चेकसम बदलतो, फ्लॅक प्रकारात मात्र मूळ ध्वनीचा स्वतंत्र क्रमांक सहसा फाइलीतच साठवलेला असल्याने माहिती बदलूनही ध्वनी अबाधित असल्याचे तपासता येते. सॉफ्टवेअरची यादी शेवटी नव्याने तयार करून घ्यावी, कारण जागा बदललेल्या फाइलींच्या जुन्या नोंदी त्यात तशाच राहू शकतात.

उरलेला प्रत्येक फरक कारणासह वहीत लिहावा आणि ती वही संग्रहासोबतच ठेवावी. ज्या फरकाचे कारण सापडलेले नाही, त्यातील एकही फाइल पुसू नये. डिस्कवरील थोडी जागा वाया गेली तरी चालते, गावच्या भजनी मंडळाचे एकमेव ध्वनिमुद्रण पुन्हा करता येत नाही.