पॅड बांधून बसलेला मुलगा



२ नोव्हेंबर २०२५ची रात्र आपण नवी मुंबईकर सहजासहजी विसरणार नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. या विजयातून आपण काय शिकावे, याचा आज थोडा विचार करू या.

या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. १९८८ साली आझाद मैदानावर शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून अमोल पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणातच त्यांनी २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११,०००हून अधिक धावा जमवल्या. तरीही भारतासाठी खेळण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही. परंतु त्यांनी मैदान सोडले नाही. जे शिकले, ते इतरांना दिले.

आपल्या मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज हिला याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात वगळले होते. त्या दिवसांत आपण जवळजवळ रोज रडत होतो, असे तिने स्वतः सांगितले. सांगलीची स्मृती मानधना तिच्या सरावाच्या वेळी जवळ येऊन उभी राहायची, फारसे बोलायची नाही. पुढे ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि सर्वप्रथम प्रभू येशूचे आभार मानले. शफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाल्यामुळे तिला बोलावणे आले आणि अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, २ बळीही घेतले. बोलावणे आले तेव्हा तिची तयारी होती.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. घर बांधता बांधताच माणूस गवंडी होतो, तसे सद्‌गुणही करता करताच अंगी बाणतात, असे तो म्हणतो. धीर धरणे हेही त्यातलेच. ते प्रवचन ऐकून येत नाही, त्याचाही सराव करावा लागतो.

मुलाची संघात निवड झाली नाही, गायनवृंदात मुलीला एकल गीत मिळाले नाही, की आपण पालक लगेच चिडतो. काही वेळा मुलांना तेथून काढूनही घेतो. असे केल्याने नेमका हा सराव आपण त्यांच्याकडून हिरावून घेतो. त्यापेक्षा ‘उद्याही सरावाला जा, आणि ज्याची निवड झाली त्याला शुभेच्छा दे’ असे सांगू या.

घरी विचार करण्यासाठी : आपल्या कुटुंबात सध्या पॅड बांधून कोण बसले आहे? आणि त्याच्याजवळ जाऊन कोण उभे राहते?