आपल्या परिसरातील भिंगऱ्या

सोनारी म्हटले की आपल्याला काळभैरवनाथाचे देऊळ आठवते आणि देवळाभोवतीची माकडे आठवतात. विजेच्या तारेवर ओळीने बसणाऱ्या भिंगरीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करावयास हवा. आपल्याकडे भिंगरी व पाकोळी ही नावे सर्रास एकमेकांसाठी वापरली जातात. वस्तुतः हे दोन निराळ्या कुळांतले पक्षी होत. परंड्याच्या भुईकोट किल्ल्यासारख्या जुन्या बांधकामांच्या कमानींना पिसे व काडीकचरा लाळेने चिकटवून घरटी करते ती पाकोळी. तिच्या पायांची चारही बोटे पुढे वळलेली असल्याने ती भिंतीला लटकू शकते, पण तारेवर बसू शकत नाही. तेव्हा तारेवर बसलेली दिसली तर ती पाकोळी नव्हे, एवढी एकच खूण पुरेशी आहे.

भिंगरीचे सारे जीवन हवेत चालते. चोच इवलीशी, पण जबडा चांगला रुंद. उडता उडताच ती माश्या, चिलटे व पंखवाल्या मुंग्या टिपते. पाणीसुद्धा तळ्यावरून झेपावत उडतानाच पिते.

बारमाही राहणाऱ्यांत तारवाली भिंगरी सर्वांत देखणी. माथा तांबूस, पाठ चकचकीत निळी, पोट पांढरेशुभ्र, आणि शेपटीतून निघालेली दोन बारीक तारांसारखी पिसे. मादीची ही पिसे आखूड असतात. ती पाण्याजवळच्या पुलाखाली किंवा मोरीत अर्ध्या वाटीसारखे घरटे बांधते. तिची जोडी एकटीच राहते. लालबुडी भिंगरी छताला उलट्या सुरईसारखे, बोळ असलेले घरटे लिंपते. तिसरी एक लहान भिंगरी पुलाखाली डझनांनी घरटी एकमेकांना चिकटवून वसाहतच उभारते. लांबून पाहिले तर मधाच्या पोळ्याचा भास होतो.

या तिघींचेही साहित्य एकच, ओला चिखल. चोचीतून एकेक गोळी आणून शेकडो फेऱ्यांत घरटे पुरे होते. आपल्या अवर्षणग्रस्त भागात खरी अडचण येथेच आहे. चैत्र-वैशाखात ओढे आटतात आणि पाणवठ्याच्या काठाखेरीज चिखल उरत नाही. म्हणूनच जुने घरटे डागडुजी करून पुन्हा वापरण्याची त्यांची सवय फार मोलाची ठरते. रंगसफेदीच्या वेळी आपण ते काठीने पाडतो, तेव्हा घाण गेली असे आपल्याला वाटते. पक्ष्याचे मात्र कित्येक दिवसांचे काम जाते. घरट्याखाली एक फळी ठोकली तरी घाण खाली पडत नाही. हा उपाय काही फार खर्चाचा नाही!

चौथी माळभिंगरी ही हिवाळी पाहुणी. गळा तांबडा, त्याखाली काळसर पट्टा. ती आपल्याकडे घरटे करीत नाही. हिवाळ्यात या भिंगऱ्या कोठे जातात याविषयी युरोपात पूर्वी मोठे वाद होते. त्या तळ्याच्या गाळात झोपून राहतात, असेही कित्येक विद्वान मानीत. मे १९११ मध्ये इंग्लंडात पायात कडे घातलेली एक माळभिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली, आणि वीस ग्रॅमही वजन नसलेला हा जीव केवढा प्रवास करतो याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. आपल्याकडे येणाऱ्या माळभिंगऱ्या हिमालयातून व त्याच्या उत्तरेकडून येतात. पावसाळा सरता सरता त्या तारांवर दिसू लागतात, आणि उन्हे तापली की परतीला लागतात.