बरणीवर नाव, तळाशी तारीख

विनाइलची अक्षरे कापून मसाल्याच्या बरण्यांवर चिकटवण्याचा उद्योग आता कुणालाही घरी जमण्यासारखा झाला आहे. एकसारख्या काचेच्या बरण्या, त्यांवर एकसारखी पांढरी किंवा काळी अक्षरे, आणि फळीवर नजर टाकली की समाधान. या समाधानाला माझा विरोध नाही. पण दुकानातून आलेले पाकीट कापून बरणीत रिकामे केले की आपण नेमके काय कचऱ्यात टाकतो, ते आधी पाहायला हवे. त्या पाकिटावर उत्पादनाची तारीख असते, कधीपर्यंत वापरायचे ते असते, बॅच क्रमांक असतो, घटकपदार्थांची यादी असते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. हे सगळे टाकून त्या जागी आपण एक शब्द लावतो: हळद. जी हळद काचेतून आधीच दिसत होती! लेबलामुळे माहिती वाढते असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की सुंदर लेबल लावताना ती बहुतेकदा घटते, आणि विनाइल टिकाऊ असल्यामुळे हे नुकसानही टिकाऊ होते.

हिंगाचेच बघा. बाजारात डबीत मिळणारी हिंगाची पूड क्वचितच निव्वळ हिंगाची असते. तीत डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. यात लबाडी काही नाही, डबीवर ते छापलेले असते. पण बरणीवर नुसते 'हिंग' उरले की ज्याला गव्हातले ग्लुटेन चालत नाही अशा पाहुण्याला आमटी वाढताना खात्री देता येत नाही. दुसरे उदाहरण 2024 सालचे. त्या एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर केले आणि आपल्याकडेही घरोघरी डबे तपासले गेले. अशा वेळी मसाला कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या बॅचचा, एवढाच प्रश्न महत्त्वाचा असतो, आणि नुसत्या नावाच्या बरणीकडे त्याचे उत्तर नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आपला मसाला आपल्याला वासाने कळतो, आणि पाकीट महिन्याभरात संपते. रोजच्या तिखट-हळदीपुरते हे खरे आहे. पण जायपत्री, दगडफूल, नागकेशर, खसखस वर्ष वर्ष पडून असतात. उन्हाळ्यात करून ठेवलेला गोडा मसाला, काळा मसाला आणि कांदा-लसूण मसाला शेजारी शेजारी ठेवले तर घरच्या माणसालाही झाकण उघडावे लागते. खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर, लिंबूसत्त्व आणि तुरटीची पूड यांना तर दिसण्यावरून वेगळे करताच येत नाही. शिवाय स्वयंपाकघरात एकच माणूस वावरत नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असतात, चष्मा शोधणाऱ्या आजी असतात. त्यांच्यासाठी वळणदार इंग्रजी अक्षरांतले 'क्युमिन' हे लेबल असून नसल्यासारखेच.

म्हणून मराठीत, जाड आणि ठसठशीत लिहावे. मात्र देवनागरी कापताना विनाइल कापणारे यंत्र त्रास देते आणि तो कुठे होतो ते आधी ठाऊक असलेले बरे. अनेक कटिंग सॉफ्टवेअरना आपली जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी नीट मांडता येत नाही. 'जिरे'ची वेलांटी ज च्या पुढे जाऊन बसते. दुसरे असे की फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते, पण यंत्राचे पाते प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. यावर उपाय फुकट आहे. इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाइप करावा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करावे, गट मोडून सगळे आकार 'युनियन'ने एक करावेत आणि एसव्हीजी फाइल यंत्राला द्यावी. 'मुक्त' किंवा 'बालू' यांसारखे मुक्त परवान्याचे फाँट जाड वजनात घेतले तर बारीक रेघा फाटत नाहीत. एकदा शिरोरेषा सलग झाली की देवनागरी रोमनपेक्षा सोयीची ठरते, कारण अख्खा शब्द एका तुकड्यात उचलला जातो आणि सरळ बसतो. सुटा राहतो तो फक्त अनुस्वार. नको असलेले विनाइल चिमट्याने काढताना हे टिंब हमखास त्याबरोबर जाते आणि बरणीवर 'लवग', 'हिग' आणि 'सुठ' उरतात. टिंब मुळातच थोडे मोठे करावे.

चिकटवण्याचे म्हणाल तर शत्रू एकच, तेल. फोडणीची वाफ फळीवरच्या प्रत्येक वस्तूवर चिकट थर सोडते आणि धुतलेल्या बरणीवरही बोटांचे तेल राहते. साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असते. काच आणि स्टीलवर विनाइल पक्के बसते. पॉलिप्रोपिलीनच्या मऊसर डब्यांवर ते कडेने सुटत जाते. लावल्यावर एक-दोन दिवस पाणी लावू नये. नाव बरणीच्या अंगावरच हवे. खणात फक्त झाकणे दिसतात म्हणून झाकणावर लावायचे असेल तर लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. घासायला पडलेल्या बरण्यांची झाकणे अदलाबदल होतातच. नाव काढायची वेळ आली तर केस वाळवायच्या यंत्राने किंचित ऊब देऊन सोलावे आणि उरलेला डिंक खोबरेल तेलाने पुसावा.

आता तारखेकडे. विनाइलवर न बदलणारे तेवढेच असावे, म्हणजे पदार्थाचे नाव. बदलणारे सगळे, म्हणजे कंपनी, बॅच, वापरण्याची मुदत आणि हिंगासारख्या पदार्थात मिसळलेले घटक, कागदी मास्किंग टेपच्या पट्टीवर लिहून बरणीच्या तळाशी लावावे. घरच्या मसाल्यावर कुटल्याचा महिना पुरे. मग तळाशी चिकटवायची ती कागदी पट्टीच पुढे का नको, असे कुणी विचारेल. अवश्य चालेल. तेलकट हातांनी ती पिवळी पडते आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते, एवढाच फरक. माहितीच्या दृष्टीने ती विनाइलच्या तोडीची आहे. नवे पाकीट जुन्या तळावर ओतायची सवय मात्र सोडावी, नाहीतर तळाची तारीख खोटी ठरते. जुने आधी संपवावे, बरणी धुऊन कोरडी करावी, मग नवे भरावे. तिखटाची बरणी उजेडात मांडू नये, त्याचा लाल रंग उजेडाने उतरतो.

राहिला यंत्राचा प्रश्न. एका घराच्या पंचवीस-तीस बरण्यांसाठी कटिंग मशीन विकत घेणे मला उधळपट्टी वाटते. गाड्यांवर लावायची अक्षरे कापणारा रेडियमवाला बहुतेक गावांत असतो. त्याला आपली एसव्हीजी फाइल द्यावी, चमकणारे नको, साधे मॅट विनाइल हवे असे सांगावे आणि वरून लावायची ट्रान्सफर टेपही त्याच्याकडूनच घ्यावी. लेझरवर कापून देतो असे कुणी म्हणाले तर नको म्हणा. विनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि ते लेझरने जाळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो माणसाच्या छातीलाही वाईट आणि यंत्रालाही. आणि अक्षरे हातात येईपर्यंत मसाल्यांची पाकिटे फेकू नका. तळाच्या पट्ट्या त्यांवरूनच लिहायच्या आहेत.