दवाखाना बांधताय? ब्लॉक खोली बघून घ्या

निफाड, पिंपळगाव, लासलगाव या पट्ट्यात दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल बांधायला काढलं की पहिला सल्ला ठरलेला: 'सगळीकडे एएसी ब्लॉक टाका, स्वस्त पडतं.' सल्ला निम्मा खरा आहे.

एएसीचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकचा, भाव घनमीटरवर सांगतात, सिमेंटच्या सॉलिड ब्लॉकचा नगावर. तुलना करायची तर दोन्ही भाव चौरस मीटर भिंतीवर आणा. 6 इंची भिंतीला चौरस मीटरमागे 0.15 घनमीटर एएसी लागतो. भाव 3,500 रुपये धरला, तर 525 रुपये. 400 बाय 200 मिलिमीटरचे सॉलिड ब्लॉक साडेबारा नग बसतात. नगाला 42 रुपये धरले, तरी तेवढेच. हे आकडे हिशेबापुरते. तुमचं कोटेशन घालून बघा. जीएसटी, गाडीभाडं, उतराई आणि तुटफूट कोणाकडे, हे त्यातच लिहून घ्या.

खरा फरक वजनाचा. 3 मीटर उंच भिंत मीटरभर लांबीत कोरड्या एएसीची साधारण 270 किलो भरते, सॉलिडची 900च्या आसपास. आपल्या काळ्या जमिनीत पायावर आधीच खर्च होतो, तिथे हा भार कमी झालेला बरा. मात्र लोखंड वाचतं ते इंजिनिअरनं डिझाइनच एएसी धरून केलं असेल तर. कॉलम उभे राहिल्यावर ब्लॉक बदलून पायातला पैसा परत येत नाही.

आता एक्स-रेची खोली. तिथे एएसी नकोच. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या 2001च्या संहितेत थेट किरण पडणाऱ्या भिंतीला 35 सेंटिमीटर वीटकाम किंवा तितकंच संरक्षण सांगितलं होतं, बाकीच्या भिंतींना 23. किरण अडवायला वस्तुमान लागतं, आणि एएसीची घनता विटेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी. या खोलीला भरीव वीट किंवा सॉलिड ब्लॉक वापरा, पोकळ ब्लॉक नाही. सांधे मसाल्यानं पूर्ण भरून घ्या. खोलीचा नकाशा भिंत उठण्याआधीच तपासून घ्या. मागाहून शिशाचे पत्रे ठोकायची वेळ आली, तर एएसीतली सगळी बचत त्यातच जाते.

वॉर्ड आणि ओपीडीच्या आतल्या भिंतींना एएसी उत्तम. पण ऑक्सिजनची पाइपलाइन, कठडे, वॉश बेसिन यांचा भार साध्या स्क्रूवर त्यात टिकत नाही. त्या जागा आधी आखून तिथे काँक्रीटची पट्टी ओता. संडास-बाथरूमला खालचे थर सॉलिडचेच ठेवा, नाहीतर ओल वर चढते. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय प्लास्टरला हात लावू देऊ नका; पहिली चीर तिथेच पडते.

सॉलिड ब्लॉक स्थानिक कारखान्यातून घेणार असाल तर बनवल्याची तारीख विचारा. माल किमान 28 दिवसांचा हवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडजवळच्या कुंडेवाडीचा पारा कधी कधी 5 अंशांखाली उतरतो. अशा थंडीत सिमेंट सावकाश ताकद धरतं, तेव्हा आठवडाभर जास्त थांबलेलं बरं. एएसीसाठी आयएस 2185 भाग 3 प्रमाणे केलेला चाचणी अहवाल मागा, तोही त्याच बॅचचा.


गाडी आली की पाच-सहा ब्लॉक टेपनं मोजा. 150 मिलिमीटरच्या जागी 140 निघाला, तर तुम्ही घनमीटरमागे पैसे मोजताय ते ब्लॉकच्या मापानं की बिलावरच्या मापानं, हे गाडी रिकामी व्हायच्या आत बोलून घ्या.