परतूरचे शिवार व उपग्रहचित्रे

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात दुधना नदीच्या काठी काळी भारी जमीन असून वर मुरमाड माळ आहे. खरिपात कापूस, सोयाबीन व तूर, रब्बीत ज्वारी व हरभरा, आणि पाणी असेल तेथे ऊस. कोणत्या रानात काय उभे आहे, हे पूर्वी केवळ तलाठ्याच्या पीकपाहणीवरून कळत असे. १७ मार्च १९८८ रोजी आय. आर. एस.-१ए हा उपग्रह सोडण्यात आला, तेव्हापासून भारताच्या स्वतःच्या उपग्रहातूनही ही पाहणी होऊ लागली.

हिरवे, निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पाणी मात्र अवरक्त प्रकाश जवळजवळ सर्वच गिळते. म्हणून रूढ पद्धतीच्या उपग्रहचित्रात भरदार पीक लाल व खोल पाणी काळे दिसते. प्रथम पाहणारास हे चमत्कारिक वाटते.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत लहान चौकट १० मीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठा असते. लँडसॅटची चौकट सुमारे ९ गुंठ्यांची. अर्ध्या एकराच्या तुकड्यात तशा जेमतेम दोन बसतात आणि त्यांतही बांधावरची बाभूळ मिसळते.

एप्रिल-मे महिन्यांतील चित्र विशेष बोलके असते. माळ करपलेला असताना शेतात लाल ठिपका दिसला, तर तेथे बहुधा विहिरीचे, बोअरचे वा कालव्याचे पाणी चालू आहे. असे ठिपके दरवर्षी वाढत असतील, तर भूजलाचा उपसा तपासावा. जुनी व नवी चित्रे शेजारी ठेवल्यास गायरानात व उतारावर नांगर कोठवर चढला, हेही कळते. नांगरलेल्या उताराची माती पावसाच्या जोराने नाल्यात उतरते व बंधारा गाळाने भरतो. म्हणून मृदसंधारणाचे काम माथ्यापासून हाती घ्यावे.

खरिपात ढग आडवे येतात. तेव्हा सेंटिनेल-१ सारख्या रडार उपग्रहाचा उपयोग होतो, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. तरीही कापसात तुरीच्या ओळी असल्यास दोन्ही पिके वेगळी ओळखणे कठीणच. यासाठी बांधावर जाऊन केलेली पाहणी हवी. २०२१ पासून शेतकऱ्यास ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करता येते. ती वेळेवर करावी. सोयाबीन ऑक्टोबरच्या प्रारंभी निघाले असेल, तर महिनाअखेरच्या चित्रात तेच रान पडीक भासते. चित्र व नोंद यांत तफावत आढळल्यास प्रथम चित्राची तारीख पाहावी.