परराज्यात चलन झाले तर? वाहनचालकाचे हक्क आणि कायदेशीर मदत



नागरिकशास्त्राच्या तासाला आपण कायद्यापुढे समानता, न्याय मिळवण्याचा हक्क असे शब्द शिकतो. परीक्षेत लिहितोही. पण एमएच नंबरची गाडी घेऊन आपण हंपी, तिरुपती किंवा हैदराबादला जातो, तिथे शिट्टी वाजते, हवालदार गाडी बाजूला घ्यायला सांगतो आणि हे सगळे शब्द डोक्यातून निघून जातात. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, घर शेकडो किलोमीटर लांब. मग मनात एकच विचार येतो, "काय असेल ते देऊन टाकू आणि सुटू."

आजच्या पाठात आपण हेच समजून घेऊ की परराज्यात गेल्याने आपले हक्क कमी होत नाहीत. फक्त ते कसे वापरायचे हे माहीत असावे लागते.

१. कायदा एक, दंड वेगवेगळा

मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. तो साऱ्या देशाला लागू आहे. महाराष्ट्रात काढलेले लायसन भारतभर चालते, असे याच कायद्याचे कलम १३ सांगते. म्हणून "इथं तुमचं लायसन चालत नाही" असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. केवळ नंबरप्लेट बाहेरची आहे म्हणूनही गुन्हा होत नाही. मात्र गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथे नवीन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो (कलम ४७). नोकरीसाठी बेंगळुरूला राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग दंड वेगवेगळा कसा? १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा वाढल्या. पण कलम २०० नुसार ठरावीक गुन्हे जागेवर पैसे भरून मिटवता येतात, आणि ती तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते. उदाहरणार्थ, हेल्मेट नसल्यास कायद्यात १००० रुपये दंड आहे. गुजरातने त्याच महिन्यात तडजोडीची रक्कम ५०० रुपये जाहीर केली. म्हणून "आमच्याकडे तर कमी घेतात" हा वाद रस्त्यावर घालून उपयोग नाही. ज्या राज्यात गुन्हा घडला, तिथला दर लागतो.

२. रस्त्यावर अडवले तर

- गाडी बाजूला घ्या, शांतपणे बोला. लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी दाखवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रेही ग्राह्य आहेत. व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, हा फरक लक्षात घ्या.
- कोणत्या कलमाखाली कारवाई होत आहे ते विचारा. विचारणे म्हणजे हुज्जत घालणे नव्हे.
- पैसे दिले तर पावती किंवा चलन क्रमांक घ्या. पावतीशिवाय दिलेले पैसे दंड म्हणून कुठेच जमा होत नाहीत. पुढे तेच चलन पुन्हा निघाले तर तुमच्या हाती पुरावा नसतो.
- लायसन जप्त केले तर तात्पुरती पोचपावती मागा. कलम २०६ प्रमाणे ती देणे बंधनकारक आहे आणि तिच्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत तुम्ही गाडी चालवू शकता. घरी परतायचे असेल तर हा कागद फार मोलाचा आहे.

३. चलन मोबाइलवर आले तर

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरचे एक टेम्पोवाले दादा गूळ घेऊन हैदराबादला गेले. माल उतरवून परत आले. काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला, वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन. आता काय?

पहिली गोष्ट, मेसेज खरा आहे का ते बघायचे. चलनाच्या नावाने खोट्या लिंक आणि एपीके फाइली फिरतात. त्या उघडल्या की बँक खाते रिकामे होऊ शकते. मेसेजमधल्या लिंकवर बोट न ठेवता केंद्रीय परिवहन विभागाच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जा. सरकारी पत्ता "जीओव्ही डॉट इन" असा संपतो. तिथे गाडी क्रमांक टाकून चलन शोधता येते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे संकेतस्थळ वेगळे आहे. फक्त तिथेच पाहून "आपल्यावर काही नाही" असे समजू नका. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब फोन करा.

दुसरी गोष्ट, पुरावा पाहायचा. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ए हा नियम आला. कॅमेऱ्याने केलेल्या चलनासोबत स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणते कलम मोडले हे असावे, असे तो सांगतो. कॅमेरा असलेल्या रस्त्यावर तशी सूचना देणारा फलकही हवा. दादांनी फोटो उघडला आणि त्यात टेम्पोऐवजी पांढरी मोटार दिसली, तर? नंबर चुकीचा वाचला गेला असेल किंवा कोणी बनावट नंबरप्लेट वापरत असेल. अशा वेळी पैसे भरू नका. आरसीची प्रत, गाडीचे फोटो आणि त्या दिवशीच्या फास्टॅगच्या नोंदी जोडून तक्रार नोंदवा. बनावट नंबरप्लेटचा संशय असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यातही लेखी कळवा. तुमच्या नंबरवर उद्या मोठा गुन्हा घडला, तर ही तक्रार तुमच्या बाजूने बोलेल.

४. भरायचे की लढायचे?

इथे मन शांत ठेवून हिशेब करा. चूक खरंच झाली असेल आणि दंड ५०० रुपये असेल, तर मुदतीत भरून पावती जपून ठेवणे शहाणपणाचे. पण लक्षात घ्या, पैसे भरले की प्रकरण संपते. "मी निर्दोष होतो" असे नंतर म्हणता येत नाही.

चूक झालीच नसेल, तर लढण्याचा हक्क आहे. अनेक राज्यांत आता आभासी न्यायालये आहेत. दिल्लीत असे पहिले न्यायालय जुलै २०१९ मध्ये सुरू झाले. तिथे चलन उघडल्यावर दोन पर्याय दिसतात: दंड भरायचा किंवा खटला लढवायचा. दुसरा पर्याय निवडला की प्रकरण त्या भागातल्या नेहमीच्या न्यायालयात जाते.

सगळ्यात वाईट म्हणजे दुर्लक्ष करणे. "लांबच्या राज्याचं चलन, कोण येतंय इथं?" असे म्हणून कित्येक जण गप्प बसतात. पुढे गाडी विकताना, फिटनेस किंवा परमिटच्या वेळी तेच चलन आडवे येते. न्यायालयाचे समन्स टाळले तर वॉरंटपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

५. तिकडे जावेच लागते का?

गुन्हा जिथे घडला, तिथल्या न्यायालयात खटला चालतो, हा सर्वसाधारण नियम आहे. पण प्रत्येक वेळी स्वतः जायलाच हवे असे नाही.

- मोटार वाहन कायद्याचे कलम २०८: किरकोळ गुन्ह्यांत वकिलामार्फत हजर राहता येते किंवा रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करून समन्समध्ये लिहिलेली रक्कम पाठवता येते.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २२८ (१ जुलै २०२४ पासून लागू): न्यायदंडाधिकारी योग्य वाटल्यास प्रत्यक्ष हजेरीतून सूट देऊन वकिलामार्फत हजर राहू देऊ शकतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

काही प्रकरणे मात्र साधी नसतात. दारू पिऊन गाडी चालवणे (कलम १८५) हा गुन्हा जागेवर पैसे भरून मिटत नाही. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दगावले तर प्रकरण भारतीय न्याय संहितेखाली जाते. अशा वेळी एक दिवसही वाया न घालवता वकील करा.

६. वकील कुठला, आणि पैसे नसतील तर?

आपल्या गावचा वकीलही दुसऱ्या राज्यात उभा राहू शकतो. ॲडव्होकेट्स ॲक्टचे कलम ३० जून २०११ पासून लागू आहे. पण प्रवासाचा खर्च, तिथली भाषा आणि न्यायालयाची पद्धत पाहता बहुतेक वेळा तिथलाच वकील सोयीचा पडतो. आपल्या वकिलाकडून ओळख काढा. वकीलपत्रावर सही करण्याआधी फी किती आणि कशाची, हे लेखी घ्या.

फी परवडत नसेल तर राज्यघटनेचे कलम ३९ए आठवा. त्यातूनच विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आला. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे, या सर्वांना मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्ह्यात असे प्राधिकरण असते आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तडजोड होण्याजोगी प्रलंबित चलने लोकअदालतीतही मिटवता येतात.

७. लायसन हीच भाकरी

आपल्याला चलन म्हणजे सहलीचा विरस. टेम्पोवाल्या दादांसाठी मात्र तीन महिने लायसन निलंबित होणे म्हणजे तीन महिने चूल थंड. म्हणूनच कलम १९ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. परवाना अधिकाऱ्याला लायसनवर कारवाई करण्यापूर्वी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. नोटीस आली की तिला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि उत्तराची पोच घ्या. आरसी व लायसनवरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक चालू ठेवा. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तर म्हणणे मांडायची संधी हातून निसटते.

लक्षात ठेवा: आधी चलन खरे आहे का ते तपासा, मग पुरावा पाहा, आणि मुदतीत ठरवा: भरायचे की लढायचे. गप्प बसणे हा तिसरा पर्याय नाही.

सरावासाठी प्रश्न

१. एकाच गुन्ह्याला दोन राज्यांत वेगळी रक्कम का भरावी लागते?
२. पावतीशिवाय पैसे देण्याचे दोन तोटे लिहा.
३. कलम २०८ मुळे परराज्यातील चालकाची कोणती सोय होते?
४. उपक्रम: घरातल्या गाडीची आरसी पाहा. तिच्यावरचा पत्ता आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक आजचा आहे का? नसेल तर आई-बाबांना सांगून तो बदलून घ्या.