सीएनजी टेम्पो घ्यायचा की इलेक्ट्रिक? आधी हा हिशोब करा

पहिला तीनचाकी टेम्पो घेताना सगळे विचारतात, "ईएमआय किती बसेल?" त्याच्या आधी एक प्रश्न विचारा: माझं इंधन कुणाच्या हातात आहे?

२०२२ चा धडा

१ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्र सरकारने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत सीएनजी ६० रुपये किलो झाला. सगळे खूश! पण ऑगस्टमध्ये तोच गॅस ८६ रुपयांवर गेला. युद्ध युक्रेनमध्ये, फटका आपल्या टेम्पोला. कारण भारत आपल्या गरजेचा जवळपास निम्मा गॅस बाहेरून आणतो. एप्रिलमध्ये ६० रुपये धरून वर्षभराचा डिलिव्हरी दर ठरवून दिला असेल, तर चार महिन्यांत नफा गेलाच समजा.

मग वीज पूर्ण स्वदेशी आहे का? तसंही नाही. वीज बहुतेक आपल्याच कोळशावर बनते, पण बॅटरीचे सेल मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. फरक एवढाच, की बॅटरी एकदा घेतली की काही वर्षं चालते आणि गॅस रोज भरावा लागतो.

वही-पेन घ्या

हे आकडे उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या गावातले दर टाका.

- धाव: रोज ८० किमी, महिन्याला २६ दिवस = २,०८० किमी
- सीएनजी: ८० रुपये किलो, ३० किमीचं ॲव्हरेज = सुमारे ५,५५० रुपये
- इलेक्ट्रिक: १० रुपये युनिट, युनिटला ८ किमी = २,६०० रुपये
- महिन्याची बचत: सुमारे २,९५० रुपये

इलेक्ट्रिक गाडी १ लाखाने महाग पडली, तर जादा पैसे साधारण ३४ महिन्यांत वसूल. पण धाव रोज ४० किमीच असेल तर? बचत निम्मी, आणि वसुलीला साडेपाच वर्षांहून जास्त! तोवर बॅटरीची वॉरंटी संपलेली असू शकते. म्हणून "इलेक्ट्रिक स्वस्त" हे अर्धंच खरं. गाडी जितकी जास्त पळेल, तितकी ती स्वस्त.

हिशोबात न दिसणारे खर्च

सीएनजीमध्ये पंपावरच्या रांगेतला वेळ आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट. इलेक्ट्रिकमध्ये रात्री चार्जिंगला हक्काची जागा. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर मालकाशी आधी बोला, गाडी नंतर बुक करा.

खरं स्वातंत्र्य कुठे?

गॅस तुम्ही घरी बनवू शकत नाही, वीज बनवू शकता. छतावरचं १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. ८० किमीला १० युनिट लागतात, म्हणजे ३ किलोवॅट पुरे. गाडी दिवसा बाहेर असली तरी नेट मीटरिंगमुळे ती वीज बिलात वळती होते.

माझा सल्ला

रूट ठरलेला, धाव ७०-८० किमी आणि चार्जिंगची जागा हक्काची असेल तर इलेक्ट्रिक. लांबची, कधीही येणारी भाडी असतील तर सीएनजी; पण गिऱ्हाइकाला दर देताना "गॅस वाढला तर दर वाढेल" ही अट लेखी घ्या.

आजचा गृहपाठ: सात दिवस रोजचे किलोमीटर लिहून काढा. शोरूममध्ये त्यानंतरच जा.